पाठपोट प्रिंट आणि डोकं खाली ताळेबंद

ऑगस्ट संपत आला की आमच्या पतसंस्थेत वार्षिक सभेची धावपळ सुरू होते. ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यायचीच असते. सभासदांचे अहवाल छापखान्यात जातात, पण संचालकांच्या कच्च्या प्रती मी ऑफिसातच काढते. यंदा साहेबांनी बजावलं, "मॅडम, पाठपोट काढा, कागद फार जातो."

मशीन पाठपोट काढणारंच आहे. पण माझ्या नव्या कॉम्प्युटरवर तो पर्यायच दिसेना. टेक्निशियनने फोनवरच "मागचं डुप्लेक्स युनिट गेलं असेल" म्हणून सांगून टाकलं, म्हणजे कागद उलटवून पाठपोट काढणारा भाग. मला काही पटेना, कारण शेजारच्या टेबलावरून त्याच मशीनवर पाठपोट निघत होतं. शेवटी प्रिंटर प्रॉपर्टीजमधलं 'डिव्हाइस सेटिंग्ज' उघडलं. तळाशी डुप्लेक्स युनिटपुढे 'नॉट इन्स्टॉल्ड'! ते 'इन्स्टॉल्ड' केलं आणि पर्याय हजर. (तोवर अर्धा तास मी 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'मध्येच शोधत बसले होते. ते वेगळं दार.)

मग एक्सेल. फाइल सात शीटची. सगळं वर्कबुक प्रिंटला दिलं, तर पहिलं शीट पाठपोट आणि पुढची सगळी एकेरी. एक्सेल ही सेटिंग शीटपुरतीच धरतं. आधी सगळी शीट सिलेक्ट करून मग सेटिंग बदलली तर जमतं, पण मी सरळ सगळ्याची एक पीडीएफ केली आणि तीच छापली.

खरा घोळ ताळेबंदाने घातला. अहवालाची पानं उभी, ताळेबंद आणि परिशिष्टं आडवी. उभी पानं 'लाँग एज'वर, म्हणजे लांब कडेवर पान उलटायच्या सेटिंगवर, झकास आली. ताळेबंदाचा सुट्टा कागद मात्र वहीच्या पानासारखा उलटला की मागचे आकडे डोकं खाली. म्हणून आडव्या पानांपुरतं 'शॉर्ट एज' (आखूड कडेवर उलटायचं) केलं आणि पंधराच्या पंधरा प्रती काढून मोकळी झाले.

पिना मारता मारता आमचे शिपाई मामा म्हणाले, "मॅडम, हे वाचायला अहवाल दोनदा फिरवावा लागतोय."

खरंच होतं. पिना डाव्या लांब कडेला. आडवं पान वाचायला अख्खा अहवालच फिरवायचा, म्हणजे पान वहीसारखं न उलटता भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं वर जातं. तसं उलटून बघितलं तर 'लाँग एज'चंच बरोबर! सुट्ट्या कागदावर जे उलटं वाटत होतं, ते पिन मारल्यावर सुलटं होतं. एक प्रत काढून, पिन मारून बघितली असती तर पुढचं टळलं असतं.

पिना उपसल्या, आडवी पानं पुन्हा काढली. बिघडलेली पानं दोन्हीकडून छापलेली, त्यामुळे कच्च्या कामालाही येईनात. मामांनी ती फाडून टाकली. कागद किती वाचला ते साहेबांनी अजून विचारलेलं नाही, मीही विषय काढलेला नाही.