बिऱ्हाड पाठीवर: मॅलम टार्नच्या काठाने

मॅलम गावात बहुतेक लोक येतात ते मॅलम कोव्हचा सुमारे ८० मीटर उंच चुनखडीचा कडा बघायला. आम्हीही आधी तोच बघितला, मान दुखेपर्यंत. पण मला जायचं होतं त्याच्याही वर, मॅलम टार्नला. इंग्लंडच्या यॉर्कशर डेल्समधलं हे तळं, आणि सबंध ब्रिटनमध्ये फक्त इथेच सापडणारी एक कॅडिसफ्लाय (पतंगासारखा दिसणारा किडा, अळी पाण्यात वाढते): ॲग्रिप्नेटीस क्रॅसिकॉर्निस. नाव ऐकून लीड्सहून सोबत आलेला मित्र म्हणाला, "अरे, एका किड्यासाठी एवढी चढण?"

कोव्हच्या माथ्यावरून कोरड्या घळीतून चढत गेलं की वॉटर सिंक्स लागतं. तळ्यातून निघालेला चांगला खळाळता ओढा इथे दगडगोट्यांत जिरून जातो. वाटतं, हेच पाणी कोव्हच्या पायथ्याशी निघत असणार. पण ते मुख्यतः निघतं गावाच्याही खाली, एअर हेडच्या झऱ्यांना. मुलूख असा पाणी गिळणारा, मग वर तळं टिकलं कसं? तर त्याच्या बुडाशी पाटीच्या दगडाचा थर आहे, तो पाणी झिरपू देत नाही. उंची सुमारे ३७५ मीटर, खोली जेमतेम साडेचार. पाणी चुन्याचं, तळाशी कारा नावाच्या शेवाळाचं रान.

हे संरक्षित क्षेत्र. नमुने न्यायचे तर परवानगी हवी, म्हणून नुसतं भिंग घेऊन काठाला ओणवा झालो. वाऱ्याने ढकललेल्या शेवाळात एक रिकामं घर दिसलं: पानादेठांचे तुकडे सारख्या मापाने कातरून मळसूत्री चढवलेले. कॅडिसफ्लायची अळी तोंडाजवळून निघणाऱ्या रेशमाने ते चिकटवते आणि ते नळकांडं अंगावर वागवत हिंडते. अक्षरशः विंचवाचं बिऱ्हाड! अशी मळसूत्री रचना म्हणजे बहुधा फ्रिगॅनिडी कुळ. ॲग्रिप्नेटीस त्यातलीच, पण तिच्या भाऊबंदांची घरंही अशीच असतात. नुसत्या घरावरून जात सांगणाऱ्यावर माझा तरी विश्वास नाही.

"हा बघ, पतंग!" मित्राने दगडी भिंतीकडे बोट दाखवलं. पंख छपरासारखे उतरते मिटलेले, मिशा लांब. भिंग त्याच्या हातात दिलं. पतंगाच्या पंखांवर खवले असतात, इथे बारीक केस होते. गुंडाळलेली सोंडही नव्हती. म्हणजे कॅडिसफ्लायच. तेवढ्यात तो किडा भुर्रकन उडाला. आमच्या दुर्मिळ जातीची मादी तर तो नक्कीच नव्हता, कारण तिचे पंख आखूड. तिला उडता येत नाही, ती पाण्यावरून धावते.

या जातीचं दुसरं घर बाल्टिक समुद्राच्या काठचं मचूळ पाणी. कुठे ते, आणि कुठे हे डोंगरावरचं गोडं तळं! उद्या शेतातल्या खतांनी इथलं पाणी बिघडलं, काराचं रान गेलं, तर उडणारे किडे दुसरं तळं गाठतील. हिला ती सोय नाही.

जाणार असाल तर स्किप्टनहून मॅलमला बस आहे, पण फेऱ्या अगदी थोड्या. परतीची वेळ आधी बघा, मग भिंग काढा.