गाजून गेलेला गेम आता घेताना

गाजलेला गेम तीन-चार वर्षांनी घेतला की पैसे वाचतात, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. त्याहून मोठा फायदा म्हणजे तोवर गेम खऱ्या अर्थाने पुरा झालेला असतो. बग, म्हणजे चुका, दुरुस्त झालेल्या असतात, एक्स्पान्शन, म्हणजे नंतर येणारे जादा भाग, आलेली असतात. फक्त त्यातली नेमकी कुठली आवृत्ती घ्यायची हे नीट बघावं लागतं, कारण फसगत तिथेच होते.

'सायबरपंक २०७७' घ्या. डिसेंबर २०२०मध्ये तो इतका कच्चा आला की सोनीने काही दिवसांतच तो प्लेस्टेशनच्या ऑनलाइन स्टोअरवरून काढला. सप्टेंबर २०२३च्या २.० अपडेटने पर्क्सची (पात्राच्या खास कौशल्यांची) सगळी रचना बदलली आणि आर्मर (संरक्षण) कपड्यांवरून सायबरवेअरवर, म्हणजे शरीरात बसवलेल्या यंत्रांवर, नेलं. हे अपडेट पीएस४ला, म्हणजे जुन्या प्लेस्टेशन ४ कन्सोलला, आलंच नाही. त्यामुळे पीएस४ची स्वस्त डिस्क पीएस५वर खेळणार असाल तरच घ्या; तिच्यावर पीएस५ची आवृत्ती फुकट उतरवता येते. अर्थात पीएस५ डिस्क ड्राइव्हवाला हवा. पीसीवर किमान १२ जीबी रॅम आणि एसएसडी लागते, जुन्या हार्ड डिस्कचा नाद सोडा. बिल्डचे, म्हणजे पात्र कसं घडवायचं याचे, व्हिडिओ बघताना आधी तारीख बघा. २०२१मधल्या व्हिडिओतले पर्क्स आता त्या जागी सापडणारच नाहीत.

'विचर ३'चं दुखणं निराळं. तो मे २०१५चा. गेम ऑफ द इयर आवृत्तीत दोन्ही एक्स्पान्शन येतात आणि 'न्यू गेम' दाबलं की कुठून सुरू करायचं ते विचारतात. पहिल्यांदाच खेळत असाल तर मूळ कथाच निवडा. नुसतं 'हार्ट्स ऑफ स्टोन' निवडलंत तर लेव्हल ३२चा तयार गेराल्ट (गेमचा नायक) हातात येतो आणि कोणतं बटण कशाला हेही ठाऊक नसतं. मूळ कथेतही एक्स्पान्शनचे क्वेस्ट (कामगिऱ्या) लवकरच यादीत दिसू लागतात. नावापुढचा लेव्हलचा आकडा तुमच्याहून बराच मोठा असेल तर तिकडे फिरकू नका. याच्या उलटही होतं: नकाशावरचं प्रत्येक प्रश्नचिन्ह पुसत बसलात तर तुमची लेव्हल क्वेस्टच्या पुढे जाते, आणि सहा लेव्हलनी मागे पडलेल्या क्वेस्टचे अनुभवाचे गुण नावापुरते मिळतात. सेटिंग्जमध्ये एनिमी अपस्केलिंग (शत्रूंना तुमच्या लेव्हलला आणणारा पर्याय) चालू केलं की निदान मारामारी तरी मिळमिळीत होत नाही. स्केलिगे बेटांभोवतीच्या समुद्रातली प्रश्नचिन्हं मात्र बेधडक सोडा, तिथे वेळ घालवण्यासारखं काही नाही.

डिसेंबर २०२२च्या अपडेटनंतर जुन्या ग्राफिक्स कार्डवर 'विचर ३' अडखळत असेल तर लाँचरमधून डायरेक्टएक्स ११ निवडा. स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात) प्रॉपर्टीज, मग बेटाज, अशा वाटेने जुनी १.३२ आवृत्तीही मिळते. हे सुरुवातीलाच ठरवा, कारण नव्या आवृत्तीतलं सेव्ह जुन्यात उघडत नाही.

सेकंडहँड डिस्क घ्यायची तर पुण्यात स्वारगेट मेट्रोला भेटा नाहीतर एफसी रोडला, पण डिस्क उजेडात तिरकी धरून बघा. मधून कडेकडे गेलेला ओरखडा बहुधा निभावतो. गोलाकार, ट्रॅकच्या बाजूने गेलेला नको. डब्यातला कोड आधीच्या मालकाने वापरलेला असतो, म्हणून एक्स्पान्शन डिस्कवरच आहे की कोडवर, हे पैसे देण्याआधी विचारा. अमेरिकेहून कुणी आणलेली पीएस४ डिस्क आपल्याकडे चालते, पण भारतीय स्टोअरवरून घेतलेला डीएलसी (डाउनलोड करायचा जादा भाग) तिला लागत नाही. रीजन जुळावा लागतो.

पीएस४वर पॅच (दुरुस्तीचं अपडेट) टाकताना कन्सोल गेमची नवी प्रत बनवतो. म्हणून ५० जीबीच्या गेमसाठी साधारण तेवढीच जागा आणखी मोकळी हवी. १०० एमबीपीएसच्या लाइनवर १०० जीबी उतरायला, सगळं सुरळीत चाललं तरी, सव्वादोन तास लागतात. पुण्यात हे काम गुरुवारी सकाळी लावू नका, देखभालीसाठी लाइट जाण्याचा तो वार. घरचा इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाइट जाताना कन्सोल बंद पडतो. इन्स्टॉल अर्धवट राहून कन्सोल कुरकुर करू लागला, तर पूर्ण बंद करून पॉवरचं बटण दुसरी बीप येईपर्यंत दाबून धरा आणि सेफ मोडमधला पाचवा पर्याय, रीबिल्ड डेटाबेस, निवडा. सेव्ह शाबूत राहतात.

ज्या गेमचा जीव सर्व्हरवर आहे तो मात्र उशिरा घेण्यात धोका आहे. 'द क्रू'चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागही त्यासोबत गेला. 'डेस्टिनी २'ची मूळ कथा २०२०मध्येच काढली गेली. असा गेम घेण्याआधी आत्ता किती लोक खेळतात ते स्टीमडीबी या वेबसाइटवर बघा. सेलमधली आजवरची सगळ्यात कमी किंमतही तिथेच दिसते. स्टीमवर परतावा १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तरच मिळतो. कथेच्या ओघात शिरण्याआधी, पहिल्या अर्ध्या तासातच एखाद्या गजबजलेल्या ठिकाणी जाऊन फ्रेम रेट (चित्र किती सलग हलतं ते) तपासा.