तुम्ही विचारलंत म्हणून: म्हातारी इंजिनं कशाला घेतो

"बंद पडेल माल कायले घेता भाऊ? पैसे जास्त झाले का?" स्टार्टर दुरुस्तीला घेऊन येणारा जो तो दुकानातल्या कपाटाकडे बघून हेच विचारतो. मॉडेल रेल्वेच्या छंदातली मंडळी तेच सभ्यपणे विचारतात: आतलं इलेक्ट्रॉनिक्स म्हातारं झालेली मॉडेल इंजिनं तुम्ही जाणूनबुजून का घेता? एकदाच सांगून टाकतो.

पहिलं कारण पैसा, त्यात लाजायचं काय? आवाजासकट नवं इंजिन घ्यायचं तर मोटर वाइंडिंगच्या धंद्यात तेवढं सुटत नाही. दुसरं म्हणजे जुन्या इंजिनाची बहुतेक दुखणी माझ्या हातातली आहेत. ग्रीस वाळून घट्ट होतं, चाकांवरचे रबरी टायर कडक होतात, कार्बन ब्रश झिजतात. अॅक्सलवरचा प्लास्टिकचा गिअर चिरला असेल तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक 'टक्' ऐकू येतं. उघडायचीही गरज नाही. आमच्याकडचं खास दुखणं म्हणजे रुई. जिनिंग सुरू झालं की तिचे तंतू अॅक्सलला असे गुंडाळतात की चिमट्यानं ओढून काढावे लागतात. विहिरीवरच्या मोटरी भरणाऱ्याला यात अवघड काहीच नाही.

डीकोडर मात्र अवघड. रुळातून आलेला हुकूम वाचून मोटर आणि आवाज चालवणारी इंजिनाच्या पोटातली ती छोटी पाटी. आणि इथे तुम्ही सगळे त्या अल्कोचा, म्हणजे अल्को कंपनीच्या इंजिनाच्या माझ्या मॉडेलचा, विषय काढता.

आरएसडी-१५. अमेरिकन इंजिन, १:८७ मापाचं. आपल्याकडच्या माणसाला ते कशाला हवं? कारण खऱ्या आरएसडी-१५ च्या पोटात सोळा सिलिंडरचं अल्को २५१ हे डिझेल यंत्र होतं, तेच आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनात. पहिली डब्ल्यूडीएम-२ इंजिनं १९६२ मध्ये अमेरिकेतूनच आली, वाराणसीत ती १९६४ पासून बनू लागली. बोगीतली, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटीतली, तीन चाकं सारख्या अंतरावर नाहीत, ती खोडही दोघांची एकच. मेन लाइनवर तारा यायच्या आधी मूर्तिजापूरच्या फलाटावर जो आवाज ऐकत मी वाढलो, तो या इंजिनाच्या बोटाएवढ्या स्पीकरमधून येणार होता. म्हणून घेतलं.

पुण्याच्या एका गृहस्थांनी व्हिडिओवर चालवून दाखवलं होतं. त्यांनी फसवलं नाही, हे आधीच लिहून ठेवतो. घरी आल्यावर आयडलचा तो गुरगुराट, वेग दिला की टर्बोची शिटी, सगळं होतं. बाबा रेल्वेत गँगमन होते. त्यांना खुर्ची टाकून बसवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आवाज बराबर हाय. पण फलाट नाही हालत."

मग मे महिना आला. पारा ४५ च्या वर, पत्र्याखालची खोली. आधी आवाज तुटक यायला लागला, मग हॉर्न आपोआप वाजायला लागला. एका दुपारी थ्रॉटल शून्यावर असताना इंजिन सुसाट सुटलं. मी स्टॉप दाबला, पण तो हुकूम ऐकणारा डीकोडरच जागेवर नव्हता. मोटरला आवरणारा ट्रान्झिस्टर आतून शॉर्ट झाला की रुळातला सगळा दाब थेट मोटरवर जातो. अॅडॉप्टर उपटेपर्यंत वळण आलं, इंजिन टेबलावरून फरशीवर. एका बोगीची बाजूची जाळी मोडली, हॉर्न तुटून कुठे गेला तो अजून सापडला नाही. वरचं कव्हर काढलं तर डीकोडरची स्लीव्ह तपकिरी, आणि झोंबणारा वास. जळक्या वाइंडिंगचा वास मला रोजचा आहे. हा तो नव्हे.

"इन्व्हर्टरवर चालवलं असेल." नाही. "पंखा का नाही लावला?" लावला होता. "ट्रान्झिस्टर बदलायचा ना!" बदललाही असता, पण सोबत चिप गेली होती आणि आवाज चिपमध्ये होता. तो डीकोडर आता बाजारात येत नाही.

शेवटी डीकोडर काढला. रुळाकडची लाल तार मोटरच्या नारिंगीला, काळी राखाडीला, दोन टाके. जुन्या डीसी कंट्रोलरवर इंजिन पहिल्याच झटक्यात निघालं. मुकं.

पूर्वी मी याच दुकानात बसून सांगायचो, जे उघडता येतं ते दुरुस्त होतं. डीकोडर उघडला की. भिंगाखाली धरला. त्यात माझ्यासाठी काहीच नव्हतं. पण म्हणून तो जुना मी खोटा ठरला का? मोटर अजून चालतेच आहे, तिच्याकडे बोट दाखवून तो माझ्याशी भांडतो. मी म्हणतो, मोटरसाठी घेतलं होतं का इंजिन? मग दोघंही गप्प.

नवा डीकोडर टाका म्हणता, त्यात २५१ चा आवाज मिळतो. मिळतो, ऐकलाय. स्वच्छ आहे. मला स्वच्छ नको होता. शिवाय त्या डीकोडरच्या किमतीत मुकी इंजिनं दोन येतात.

आणि हो, दिवाळीनंतर मी परत एक आवाजवालं जुनं घेतलं. पाहिलंत तुम्ही. कारण विचारू नका, वर लिहिलेलं एकही त्याला लागू पडत नाही. त्यापेक्षा कोणाकडे त्या अल्कोचा जुना डीकोडर पडला असेल तर भाव सांगा. घासाघीस मी करणारच.