आठशेचा निळा धूर: काठीवरच्या खुणेच्या वर गेलेलं तेल

मागच्या नोंदीत कार्बोरेटर साफ करून बसवल्याचं लिहिलं होतं. त्यानंतर गाडी महिनाभर सुरेख चालली. नवीन वाचकांसाठी एवढंच: 1997ची मारुती 800, 796 सीसी, तीन सिलिंडर.

चवथीच्या आधी बेळगावला जायचं ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी डिचोलीत घरासमोरच्या चढावर गाडी उभी होती, तिथेच इंजिनमधलं तेल मोजायची काठी (डिपस्टिक) काढून तेल बघितलं. खालच्या खुणेला जेमतेम टेकलेलं. घरात 20डब्ल्यू-40 इंजिन ऑइलचा एक लिटरचा डबा होता. अर्धा ओतला, लगेच बघितलं, फरक दिसेना. उरलेलाही ओतला. चढावर तेल चेंबरच्या (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या) एका बाजूला सरकतं, आणि वरून ओतलेलं खाली उतरायला काही मिनिटं लागतात. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या, तरी घाईत हातून हे घडलं.

साखळी, केरीपर्यंत काही जाणवलं नाही. चोर्ला घाट लागला आणि दुसऱ्या गिअरमध्ये पिकअपच मेला. आरशात निळा धूर. माथ्यावर थांबलो तर स्लोवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, इंजिन थडथडत होतं, एक सिलिंडर नीट मारत नव्हता. बेळगाव तिथेच सोडलं, गाडी थंड होऊ दिली आणि हळूहळू घरी आणली. आई म्हणाली, "माटोळीचं सामान म्हापशाहून आणू, तू आधी गाडी बघ." (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट.)

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये धूर बघताक्षणी निदान झालं: पिस्टनच्या रिंगा गेल्या, त्यातून तेल वर जाऊन जळतंय, इंजिन खोलावं लागेल. काठी कुणी काढलीच नाही. मला ते पटेना. आदल्या दिवसापर्यंत धुराचा मागमूस नव्हता, आणि रिंगा अशा एका रात्रीत झिजत नाहीत.

शनिवारी सकाळी गाडी देवळासमोरच्या सपाट पटांगणात नेली. इंजिन बंद करून पंधरा मिनिटं थांबलो. काठी पुसून पुन्हा घातली, काढली. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर, आणि त्यात बारीक बुडबुडे.

पण पातळी वर दिसली म्हणजे तेलच जास्त झालं असं लगेच धरू नये, हे इथे आवर्जून लिहितो. कार्बोरेटरवाल्या 800मध्ये पेट्रोल पंप यांत्रिक, कॅमशाफ्टवर चालणारा. त्याचा पडदा फाटला तर पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. तेव्हाही पातळी वाढते, पण ते तेल पातळ झालेलं असतं आणि बेअरिंग खातं. म्हणून काठीचा वास घेतला, तेल बोटांत चोळून बघितलं, एक थेंब वर्तमानपत्रावर टाकला. पेट्रोलचा वास नाही, चिकटपणा शाबूत, थेंबाभोवती पातळ कडं पसरलं नाही. दुधाळ रंगही नव्हता, म्हणजे कुलंट मिसळलेलं नाही. रेडिएटरमधली पातळीही जिथल्या तिथे.

मग एअर फिल्टरचा डबा उघडला. टॅपेट कव्हरवरून (इंजिनच्या वरच्या झाकणावरून) येणारी, इंजिनमधली हवा बाहेर नेणारी ब्रीदर नळी आतून तेलाने न्हालेली, फिल्टरचा कागद एका बाजूने काळा आणि ओला. इथे सगळं जुळलं. तेल इतकं वर आलं की पिस्टनखाली फिरणारा दांडा, म्हणजे क्रॅन्क, त्यात बुडतो आणि ताक घुसळल्यासारखा त्याचा फेस करतो. फेसातली हवा पंपात गेली की तेलाचा दाब पडतो, बेअरिंगना पुरेसं वंगण मिळत नाही. इकडे चेंबरमधली हवा तेलाचे थेंब घेऊन ब्रीदरमधून कार्बोरेटरकडे जाते आणि तेल पेट्रोलबरोबर जळतं. धूर तिथला. घाटात इंजिन जोरात फिरत होतं, म्हणून तो तिथेच दिसला.

ड्रेन प्लग सैल करून तेल सोडता आलं असतं, पण नेमकं मोजून काढायचं होतं. 60 मिलीची सिरिंज, तिला सलाइनची नळी, ती काठीच्या भोकातून खाली. दर वेळी बाटलीत रिकामी केली. 700 मिली निघालं तेव्हा पातळी वरच्या खुणेच्या किंचित खाली आली. म्हणजे मुळात तेल फारसं कमी नव्हतंच.

एक सिलिंडर नीट न मारणं, म्हणजे मिसिंग, मात्र राहिलं. एकेक प्लगची वायर काढून बघितली; दोन नंबरची काढली तरी इंजिनच्या आवाजात फरक पडेना. तो प्लग तेलाने काळा झाला होता. तिन्ही प्लग नवे घातले, फिल्टर बदलला, ब्रीदर नळी आणि कार्बोरेटरचं तोंड धुतलं. प्लग बाहेर होते तेव्हाच ओळखीच्या मेस्तकडून (मेकॅनिककडून) गेज आणून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजलं: 155, 150, 155 पीएसआय. रिंगा ठणठणीत.

रविवारी साखळीपर्यंत जाऊन आलो. सुरुवातीची दहा मिनिटं सायलेन्सरमध्ये उरलेलं तेल जळत होतं, मग धूर बंद. स्लो एकसारखा.

आता एकच शंका बाकी आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली तेलाचा एक ताजा थेंब दिसला. चेंबरमधल्या हवेच्या वाढलेल्या दाबाने क्रॅन्कच्या मागच्या सीलला मार बसला असेल, किंवा वरून सांडलेलं तेलच ओघळत असेल. जोड पुसून कोरडा केलाय आणि खाली पुठ्ठा अंथरलाय. तीन दिवसांत पुठ्ठ्यावर दोन थेंब. चवथ आटोपली की चोर्ला पुन्हा चढून बघणार, मग सीलचं ठरवू.