सदतिसाव्या मिनिटाला

त्या शनिवारी आमच्या दीडशे खुर्च्यांच्या सभागृहात दोन सिनेमे होते. फिल्म क्लबच्या ताईंनी महिनाभर भयपट आणि विज्ञानपट लावायचं ठरवलं होतं, तेही सगळे खिशात दमडी नसताना केलेले. मी केबिनमधला माणूस. कार्बनच्या कांड्या पेटवण्यापासून सुरुवात केली, आता हार्ड डिस्क खोचतो. सिनेमा चांगला की टुकार, याची उठाठेव मी करत नाही. फोकस, आवाज आणि हॉलचे दिवे, एवढंच माझं खातं.

पहिला होता क्रिस मार्करचा फ्रेंच 'ला जेते', १९६२ चा, २८ मिनिटांचा. पाचेक मिनिटं झाली असतील, तोच केबिनचं दार वाजलं. सत्तरीचे एक गृहस्थ, गळ्यात मफलर.

"अहो, चित्र अडकलंय. आवाज पुढं चाललाय आणि चित्र जागच्या जागी."

"अडकलेलं नाही काका, सिनेमाच तसा आहे," मी म्हणालो. ताईंनी सकाळीच बजावून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर मीच वायरी हलवत बसलो असतो. तिसऱ्या महायुद्धात पॅरिस बेचिराख झालंय, उरलेली माणसं जमिनीखाली राहतायत, आणि कैद्यांवर प्रयोग करून त्यांना दुसऱ्या काळात धाडतायत. एवढी मोठी गोष्ट, आणि सगळी साध्या काळ्यापांढऱ्या फोटोंवर. यंत्र म्हणाल तर काहीच नाही. डोळ्यांवर पट्टी बांधलेला माणूस झोळीत पडलाय आणि कोणीतरी कुजबुजतंय. कालप्रवासाला तेवढं पुरलं.

काका खाली गेलेच नाहीत. माझ्या शेजारी उभं राहून काचेतून बघू लागले. पुढं झोपलेल्या बाईचे एकामागून एक फोटो येतात, पाखरांचा कलकलाट वाढत जातो, आणि बाई डोळे उघडते. खरंच उघडते, पापण्या हलतात. सबंध सिनेमात हलणारं चित्र तेवढंच, काही सेकंदांचं.

"हां, सुटलं बघा!" काका म्हणाले. लगेच पुढचा फोटो आला. "परत अडकलं."

मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी मी ही गंमत सांगितली. मालेगावचा एक पोरगा होता, तो हसून म्हणाला, "आमच्याकडं गावातच सिनेमे काढणारे नासीर शेख आहेत ना, त्यांनी क्रेन म्हणून बैलगाडी वापरली आणि ट्रॉली म्हणून सायकल. यंत्रमागावर काम करणारा पोरगा सुपरमॅन झाला." लोक जमा झाले, चहा लांबला. मी मात्र फुशारकीत होतो. अडकलेलं आणि न अडकलेलं मला कळतं, असं दिवसभर वाटत होतं.

दुसरा सिनेमा जपानी, 'वन कट ऑफ द डेड', शिनिचिरो उएदाचा, २०१७ चा. (ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी इथंच थांबावं. खरंच थांबा.) तीसेक लाख येनमध्ये, आठ दिवसांत, कोणी ओळखत नाही अशा नटांना घेऊन केलेला. आदल्या दिवशी मी नेहमीसारखा तपासला होता: पहिली दहा मिनिटं, शेवटची पाच, मध्ये आवाजाची पातळी.

एका पडक्या जलशुद्धीकरण केंद्रात झॉम्बीपट चाललाय आणि खरेच झॉम्बी येतात. सलग एकच शॉट, कुठं कट नाही. पण रडका. नट मध्येच गप्प होतात, उगाच एकमेकांकडे बघत राहतात. एक बाई भलत्याच विषयावर बोलत बसते. एकदा तर कॅमेरा जमिनीवर पडतो आणि तसाच पडून राहतो. वीसेक मिनिटांत मागच्या रांगेतून दोघं-तिघं उठले. मीही मनात म्हटलं, ताई फसल्या.

सदतिसाव्या मिनिटाला पडद्यावर नावं यायला लागली.

कागदावर ९६ मिनिटं लिहिलेली होती. मी ती वाचलीही होती. पण इतकी वर्षं नावं आली की हात डिमरवर जातो, डोक्याला विचारत नाही. हॉल उजळला. लोक भराभर उठले, पिशव्या उचलल्या, दहाबारा जण दाराबाहेर पडलेसुद्धा. टाळ्या अर्थातच नव्हत्या. आणि फोन खणखणला. ताई.

"काका! दिवे! दिवे बंद करा, संपलेला नाहीये!"

दिवे घालवले, चित्र थांबवलं आणि जिन्यावरून धावलो. तोवर काही जण पार्किंगमध्ये किल्ल्या शोधत होते. वॉचमनने गेट अडवून धरलं म्हणून परत आले, दोघं आलेच नाहीत. मी घामाघूम होऊन वर गेलो आणि चालू केलं. तोंड लपवायला जागा नव्हती.

आणि मग सिनेमा महिनाभर मागं जातो आणि सांगतो की तो रडका शॉट घेताना कॅमेऱ्यामागं काय काय चाललं होतं. नट दारू पिऊन आडवा झालाय, आवाजवाल्याचं पोट बिघडलंय, कॅमेरामनची पाठ धरली म्हणून कॅमेरा पडला होता. मघाशी ज्याला आपण गचाळपणा म्हणालो, तिथं तिथं कोणीतरी जिवाच्या आकांतानं शो चालू ठेवत होतं. हॉल नुसता खदखदत होता. मला मात्र तंबू टॉकीजमधली एक रात्र आठवली. पुढचं रीळ आणणारा सायकलवाला पंक्चर होऊन वाटेत अडकलेला, मी घाबरून मधलं गाणं पुन्हा लावलं आणि पब्लिकनं 'वन्स मोअर' मिळाला म्हणून शिट्ट्या मारल्या. आमच्यासारख्यांना इतक्या मायेनं पडद्यावर आणलेलं मी तरी पहिल्यांदाच बघत होतो.

शेवटी शॉट उंचावरून घ्यायचाय आणि क्रेन मोडलेली. मग काय, दिसेल त्याला खाली वाकवून सगळे एकमेकांवर चढतात, सर्वांत वर सिनेमातला दिग्दर्शक, त्याच्या खांद्यावर त्याची मुलगी, तिच्या हातात कॅमेरा.

"थर लावतायत, थर!" मालेगावचा पोरगा ओरडला. सगळ्या हॉलनं दहीहंडीसारखा गलका केला. मी केबिनमध्ये उभा राहून टाळ्या वाजवल्या, आणि ते कोणाला ऐकू जाणार नव्हतं.

नंतर ताईंनी सांगितलं की तो पहिला शॉट खरोखरच सलग घेतलाय, त्यासाठी सहा टेक लागले. टोकियोत आधी जेमतेम सहा दिवस चालला, २०१८ च्या जूनमध्ये पुन्हा दोन थिएटरांत लागला, आणि पुढं तीन अब्ज येनच्या वर धंदा केला. ऐकताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. दिव्यांबद्दल त्या काय बोलतात याची वाट बघत होतो. बोलल्या नाहीत.

हार्ड डिस्क पेटीत ठेवत होतो तर मफलरवाले काका परत दारात.

"मानलं बुवा," ते म्हणाले. "मध्येच दिवे लावून सगळ्यांना उठवायचं, ही आयडिया कोणाची? तुमची?"

"छे हो," मी म्हणालो, "ताईंची."