डी५००च्या जोडीला दुसरी बॉडी: कुठवर आलं

बरेच महिने चाललेला घोळ एकदाचा मिटला. माझ्या निकॉन डी५०० कॅमेऱ्याच्या जोडीला निकॉनचीच वापरलेली डी७५०० बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेतली. "दोन-दोन कॅमेरे कशाले रे भो?" हे घरी, गल्लीत आणि फोटोच्या दुकानातही विचारून झालंय, म्हणून आधी तेच.

एक बंद पडला तर दुसरा हवा, हे तर आहेच. जळगावहून बॉडी दुरुस्तीला मुंबई-पुण्याकडे गेली की पक्ष्यांचा मोसम हातचा जातो. पण माझं मोठं कारण धूळ. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोडा रेवाल चालीत समोरून येतो तेव्हा २००-५०० ही लांबची लेन्स लागते, आणि लगेच मालक लगाम धरून पुढ्यात उभा राहतो तेव्हा १८-१४० ही आखूड लेन्स. तिथल्या फुफाट्यात लेन्स काढणं म्हणजे सेन्सरवर माती घ्यायला आमंत्रण. तोरणमाळच्या सागवानात वेगळी तऱ्हा. रानपिंगळा, म्हणजे नामशेष झाला असं मानलेलं छोटं घुबड, १९९७ साली शहाद्याजवळ ११३ वर्षांनी पुन्हा सापडला, हे आपल्यातल्या सगळ्यांना पाठ आहे. तो दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो, पण आपण बॅग उघडून खुडबूड करेपर्यंत बसून राहीलच असं नाही. एका बॉडीवर लांब लेन्स, दुसरीवर आखूड, म्हणजे पक्षीही मिळतो आणि त्याचं जंगलही.

पर्याय चार होते. दुसरी डी५०० हे सर्वांत सरळ उत्तर. सेटिंगची फाइल कार्डावर साठवून दुसऱ्या बॉडीत चढवली की दोन्ही सारख्या, आणि ही सोय एकाच मॉडेलच्या दोन बॉडींमध्येच चालते. पण हे मॉडेल २०२२ मध्ये बंद झालं तरी वापरलेल्या बाजारात त्याचा तोरा उतरलेला नाही. खिशाने नाही म्हटलं.

झेड ५० हा निकॉनचा मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा मी मनातून लवकर काढला. फोटो उत्तमच येतात, पण बॅटरी ईएन-ईएल२५, म्हणजे चार्जर वेगळा, आणि माझ्या लेन्सांसाठी मधे एफटीझेड अडॅप्टर. यावलच्या अभयारण्यात जाताना दोन जातींच्या बॅटऱ्या मोजत बसणार कोण? बॅकअपचं पहिलं काम हे की पिशवीत आहे तेच सामान त्याला चालावं.

खरी कुस्ती डी७२०० आणि डी७५०० यांची. दोघांनाही माझ्या ईएन-ईएल१५ बॅटऱ्या चालतात, दोघांतही ५१ फोकस पॉइंट. डी७२०० स्वस्त, शिवाय दोन एसडी कार्डांची सोय. डी७५०० मध्ये कार्डाची खाच एकच, उभ्या फोटोंसाठीची जोडग्रिप बसवता येत नाही, आणि जुन्या, हाताने फोकस करायच्या एआय लेन्सांशी प्रकाश मोजणारं मीटर बोलत नाही. कागदावर बघाल तर नवं मॉडेल असून मागे गेलेलं. लग्नाची कामं घेणाऱ्याने डी७२००च घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. नवरदेव दुसऱ्यांदा हार घालणार नाही.

मग मी उलटं का केलं? डी७५०० मध्ये डी५००चाच २०.९ मेगापिक्सेलचा सेन्सर आणि तोच एक्स्पीड ५ प्रोसेसर आहे. दोन्हींच्या रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइल शेजारी ठेवल्या की रंग जुळवत बसावं लागत नाही. सेकंदाला ८ फ्रेम मिळतात, डी५००च्या १० पुढे हे पुरेसं. ग्रुप एरिया फोकस (शेजारच्या अनेक पॉइंटांनी मिळून फोकस धरणं) आहे, तो डी७२०० मध्ये नाही. हतनूर धरणाच्या पाण्यावरून चक्रवाक बदकं उठतात तेव्हा मला तोच लागतो. आणि आयएसओचं (सेन्सरची प्रकाशसंवेदना बदलायचं) बटण शटरजवळ, डी५०० सारखं. डी७२०० मध्ये ते मागे स्क्रीनच्या डाव्या बाजूला आहे. सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीत पहाटेच्या अंधारात डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला असताना बोट आपोआप जिथे जातं, तिथे ते बटण सापडलं पाहिजे.

फरक उरलाच. डी७५०० ला जॉयस्टिक नाही, वेगळं एएफ-ऑन (फोकस सुरू करायचं) बटणही नाही. एई-एल/एएफ-एल बटणाला एएफ-ऑनचं काम दिलं, अंगठा दोन-चार फेऱ्यांत रुळला.

घेताना काय तपासलं: एका फोटोच्या एक्झिफमधून (फोटोसोबत साठलेल्या माहितीतून) शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा उघडलं तो आकडा, पाहिला, कंपनी या बॉडीचं शटर १,५०,००० पर्यंत तपासते. एफ/२२ ला निरभ्र आकाशाचा फोटो काढून डाग पाहिले. लेन्सला झाकण लावून लांब एक्स्पोजर दिलं, पेटलेले पिक्सेल दिसतात का ते पाहायला. पकडीचं रबर सुटलेलं नाही ना, हेही दाबून पाहिलं.

घरी आल्यावर दोन्ही घड्याळं जुळवली, नाहीतर फोटो क्रमाने लावताना घोडा आधी की स्वार आधी कळत नाही. फाइलच्या नावातली डीएससी ही तीन अक्षरं नव्या बॉडीत बदलली, म्हणजे दोन कार्डांवरची नावं एकमेकांवर चढणार नाहीत. कार्डांबाबत एक: डी५००ची एसडी खाच यूएचएस-२ या जास्त वेगाच्या प्रकारची आहे, डी७५००ची यूएचएस-१. महागडं कार्ड दोन्हीकडे चालतं, पण इथे त्याचा वेग वाया.

आपल्याकडच्या उन्हाचं काय? पुस्तिकेत वापराचं तापमान ० ते ४० अंश दिलंय. मे महिन्यात भुसावळला सकाळीच त्या रेषेजवळ पोचतो आपण. गळ्यात नसलेली बॉडी ओल्या नव्हे, कोरड्या पांढऱ्या उपरण्यात गुंडाळून सावलीत ठेवायची, गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच नाही.

राहिलंय ते फोकसचं फाइन ट्यून, म्हणजे फोकस किंचित पुढे-मागे पडत असेल तर तो सुधारणारा आकडा. हे प्रत्येक लेन्स आणि बॉडीच्या जोडीचं वेगळं असतं, त्यामुळे डी५०० मधला आकडा इथे उपयोगाचा नाही. १८-१४० चं झालं. २००-५०० चं ५०० वर करायचंय, कारण झूमला एकच आकडा साठवता येतो आणि मी ती लेन्स शेवटच्या टोकालाच वापरतो. दुपारी जमीन तापली की हवा थरथरते आणि आकडा दर वेळी वेगळा येतो, म्हणून ते काम सूर्य उगवल्या उगवल्या, ट्रायपॉडवर. आकडा स्थिर आला की इथे टाकतो.