लेंबेहला जाताय? कार्डिनल माशांसाठी एक रात्र राखून ठेवा

मुंबईहून सिंगापूर, तिथून मानादो, पुढे गाडीने तास-दीड तासात बितुंग बंदर. समोरच इंडोनेशियातली लेंबेहची सामुद्रधुनी. बहुतेक डायव्हर इथे केसाळ फ्रॉगफिश नाहीतर मिमिक ऑक्टोपससाठी येतात. बोटभर लांबीच्या कार्डिनल माशांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. आम्ही मुद्दाम त्यांच्याच मागे लागलो.

दिवसाच्या डाईव्हलाच त्यांचा ठिकाणा हेरून ठेवा. प्रवाळाच्या फांद्या, कपारी, लांब काट्यांचे सी-अर्चिन (गोळ्यासारखे समुद्री जीव), अशा आडोशाला ते घोळक्याने थांबतात. रात्री चरायला पांगतात आणि उजाडता बहुधा त्याच जागी परततात. काळ्या वाळूतल्या एका अर्चिनपाशी आम्हाला फुगलेल्या जबड्याचा नर दिसला. या कुळात अंडी बाप तोंडात सांभाळतो, तोवर उपाशी राहतो. मध्येच त्याने आ वासला, अंड्यांचा गोळा पुढे ढकलून फिरवला. प्रत्येक अंड्यात दोन चंदेरी ठिपके, म्हणजे पिल्लांचे डोळे! लगेच तोंड बंद. कॅमेरा रोखून धीर धरा, तो पुन्हा उघडतो.

अंधार पडल्यावर तीच जागा जवळजवळ रिकामी. मासे वाळूवर सुटे-सुटे तरंगत प्लवक, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, टिपत होते. टॉर्चला लाल फिल्टर लावाच. पांढऱ्या झोतात ते बावचळतात आणि लायनफिश तुमच्याच उजेडात त्यांचा फडशा पाडतो. तळाला टेकू नका. अर्चिनचे काटे वेटसूटमधूनही घुसतात.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा देखणा बंगाई कार्डिनल मात्र दिवसाही खातो. तो मूळचा इथला नाही. इंडोनेशियातल्याच बंगाई बेटांवरून मत्स्यालयांच्या व्यापारासाठी आणलेले मासे 2000 च्या सुमारास इथे सुटले आणि रुजले. मूळ बेटांवर बेसुमार पकडीमुळे त्याची गत वाईट. 2007 पासून तो धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. घरच्या टाकीसाठी घेणार असाल तर पैदास केंद्रातलाच घ्या.

नाईट डाईव्ह पहिल्यांदाच करणार असाल तर आदल्या दिवशी त्याच जागी उजेडात उतरा. पाणी 25 ते 29 अंश असतं, तरी संथ डाईव्हमध्ये थंडी भरते, पाच मिलिमीटरचा सूट बरा. शेवटच्या डाईव्हनंतर विमानाआधी किमान 18 तास, जमल्यास पूर्ण दिवस मोकळा ठेवा. त्या दिवशी मिनाहासी, म्हणजे इथल्या स्थानिक पद्धतीचा रिचा-रिचा मासा खा. तिखट आहे, कोल्हापूरकरांनीही जपून.